लघुलहरींवर पुन्हा पुन्हा येणारी खरखर: पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरचा शोध आणि बंदोबस्त

नागपुरातील फ्लॅट स्कीममध्ये राहून लघुलहरी केंद्रे ऐकणाऱ्यांची आणि हौशी रेडिओचालकांची एक तक्रार वारंवार समोर येते. संध्याकाळी रेडिओ लावला की ३१ मीटर आणि २५ मीटरच्या पट्ट्यांवर एकसारखी खरखर येते, काही दिवस ती आपोआप नाहीशी होते आणि मग एखाद्या संध्याकाळी पूर्वीइतक्याच जोराने परत येते. दरम्यान श्रोत्याने एरियल बदललेले असते, एखादा फिल्टर आणून लावलेला असतो, कधी रेडिओच नवा घेतलेला असतो. त्यामुळे खरखर थांबली की श्रेय शेवटच्या खर्चाला मिळते आणि ती परतली की पुढचा खर्च सुरू होतो. अशा येऊन-जाऊन असणाऱ्या खरखरीमागे अनेकदा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरातील पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर असतात, म्हणजे विजेच्या तारांमधूनच एका खोलीतले इंटरनेट दुसऱ्या खोलीत नेणारी जोडी. ही जोडी बिघडलेली नसते, ती ठरल्याप्रमाणेच काम करत असते. निवारणाची सगळी दिशा या एका गोष्टीवर ठरते, कारण बिघाडातून येणारा आवाज दुरुस्त करता येतो, पण मुद्दाम सोडलेला संकेत त्या तारेतून काढल्याशिवाय जात नाही.

हे होते कसे

फायबरची तार बहुतेक फ्लॅटमध्ये हॉलमध्येच, दाराजवळ संपते आणि राउटरही तिथेच बसतो. आतल्या खोलीपर्यंत दोन-तीन भिंती आणि मध्ये स्लॅबचे तुळईकाम आले की वाय-फाय अडखळते, आणि भिंत न फोडता काम भागवायचे म्हणून अ‍ॅडॉप्टरची जोडी घेतली जाते: एक राउटरजवळच्या प्लगमध्ये, दुसरा आतल्या खोलीत. होमप्लग एव्ही प्रकारातील अ‍ॅडॉप्टर साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात, तर त्यानंतरच्या एव्ही२ प्रकाराची मजल ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. मात्र ३० मेगाहर्ट्झच्या वर त्यांची शक्ती सुमारे ३० डेसिबलने उतरवलेली असते. लघुलहरींचा पट्टाच मुळी ३ ते ३० मेगाहर्ट्झचा असल्यामुळे अ‍ॅडॉप्टर पूर्ण जोराने बोलतात ते नेमके याच जागेत.

संकेत तारेत आहे म्हणून तो बाहेर पडलाच पाहिजे असे नाही. दोन तारा शेजारी-शेजारी, सारख्या लांबीच्या आणि एकमेकींना पिळून घेतलेल्या असतील, तर एकीतून जाणारा आणि दुसरीतून परतणारा प्रवाह एकमेकांचे उत्सर्जन जवळजवळ खोडून काढतात. लॅन केबल याच तत्त्वावर शांत राहते. घरातील वायरिंग तसे नसते. फेजची तार स्विचबोर्डाकडे उतरते, स्विचमधून वर येऊन दिव्याकडे जाते, न्यूट्रल मात्र वेगळ्या वाटेने थेट दिव्यापर्यंत पोहोचते, आणि स्विच बंद असला की फेजचा एक तुकडा नुसताच लोंबत राहतो. हा समतोल बिघडला की तारांची ती जोडी एरियलसारखी वागू लागते. अर्ध्या लहरीएवढी तार चांगले एरियल ठरते; १४ मेगाहर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी १० मीटरच्या आसपास भरते, आणि मीटर बोर्डापासून बेडरूमच्या पंख्यापर्यंतचे अंतर अनेक फ्लॅटमध्ये तेवढेच असते.

खरखर नेमकी कशाची आहे

विजेच्या तारांतून येणारा प्रत्येक आवाज अ‍ॅडॉप्टरचा नसतो, आणि नागपूरच्या घरांत तर इतर संशयितांची रांगच असते. म्हणून आधी बॅटरीवर चालणारा रेडिओ घ्यावा आणि मध्यमलहरींवर जावे. आकाशवाणी नागपूरचे केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर इतके जोरात येते की त्यावर खरखर झाकली जाते. तेव्हा त्यापासून दूर, जिथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा न्यावा. होमप्लग संकेताची सुरुवातच मध्यमलहरींचा पट्टा संपल्यानंतर होते. त्यामुळे खरखर मध्यमलहरींवरही तेवढीच जोरदार असेल, तर पहिला संशय एलईडी दिव्यांच्या स्वस्त ड्रायव्हरवर, मोबाइलच्या चार्जरवर किंवा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर घ्यावा. उन्हाळ्यात त्यात कूलरची भर पडते. कूलरच्या पंख्याला डिमरसारखा रेग्युलेटर असेल, तर आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो सेकंदाला शंभर ठोक्यांची जाडसर घरघर सोडतो, आणि ती मार्च ते जूनपर्यंतच ऐकू येते हे तिचे ठळक लक्षण आहे. गच्चीवरील सौर पॅनेलच्या इन्व्हर्टरचा आवाज सूर्याबरोबर येतो आणि सूर्याबरोबर जातो. एफएमवर मात्र ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही; ८८ मेगाहर्ट्झच्या पुढे अ‍ॅडॉप्टर पोहोचत नाहीत आणि एफएम संकेत अशा गोंगाटाला मुळातच कमी बधतो.

मध्यमलहरी स्वच्छ आणि लघुलहरी मात्र गढूळ, असे आढळले की पुढची परीक्षा कानाने करावी. अ‍ॅडॉप्टर जोडलेले असून त्यांतून फारशी माहिती जात नसते, तेव्हा होमप्लग एव्ही जाळे विजेच्या दर दोन आवर्तनांमागे एक संकेत सोडत असते, म्हणजे आपल्याकडे सेकंदाला पंचवीस. रेडिओवर तो जलद टरटर असा ऐकू येतो. कोणी व्हिडिओ पाहायला किंवा मोठी फाइल उतरवायला सुरुवात केली की तीच टरटर दाट होत जाते आणि तिचे सलग खरखरीत रूपांतर होते. हा फरक एकदा कानात बसला की पुन्हा चुकत नाही. चार्जर किंवा एलईडी यांचा आवाज असा वापरानुसार दाट-विरळ होत नाही. तो बहुधा ठरावीक अंतरावरच्या वारंवारतांवर गुरगुरत राहतो आणि उपकरण तापेल तसतसा हळूहळू सरकतो.

सर्वांत पक्की खूण मात्र रिकाम्या जागांची आहे. हौशी रेडिओचालकांचे पट्टे वाचावेत म्हणून होमप्लगच्या आराखड्यात त्या वारंवारता जाणूनबुजून वगळलेल्या असतात: ३.५ ते ४, ७ ते ७.३, १०.१ ते १०.१५, १४ ते १४.३५, २१ ते २१.४५ मेगाहर्ट्झ आणि आणखी काही. तिथे संकेत सुमारे ३० डेसिबलने खाली उतरवलेला असतो. म्हणून ७.२५ मेगाहर्ट्झपासून काटा सावकाश वर न्यावा. ७.३ ओलांडताच खरखर भिंतीसारखी अंगावर आली, आणि १४.३५ च्या सीमेवरही तसेच घडले, तर अ‍ॅडॉप्टरबद्दल शंका उरत नाही. विजेच्या ठिणगीला किंवा चार्जरला हौशी पट्ट्यांच्या सीमा ठाऊक नसतात. संगणकाला जोडायचा, पट्ट्याचे चित्र पडद्यावर दाखवणारा एसडीआर रिसीव्हर असेल, तर पडद्यावर या रिकाम्या खिडक्या सरळ उभ्या पट्ट्यांसारख्या दिसतात आणि कानावर विसंबण्याची गरज राहत नाही.

याच रचनेमुळे एक गैरसमजही पसरतो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, मित्राला विचारले तर तो सांगतो की त्याच्या ४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यावर सगळे शांत आहे, आणि श्रोता स्वतःच्या रेडिओला दोष देऊ लागतो. प्रत्यक्षात दोघांचेही म्हणणे खरे असते. ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झ (३१ मीटर) आणि ११.६ ते १२.१ मेगाहर्ट्झ (२५ मीटर) हे प्रसारणाचे भरगच्च पट्टे या आराखड्यात वगळलेले नाहीत, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरचा खरा मार श्रोत्यावर बसतो. डीआरएम, म्हणजे डिजिटल, प्रसारण ऐकणाऱ्याची अडचण तर याहून अवघड आहे, कारण तिथे खरखर ऐकूच येत नाही. आवाज फक्त तुटतो किंवा गप्प होतो, आणि दोष प्रसारण केंद्राच्या माथी मारला जातो.

आपल्या घरातला की शेजारचा

बॅटरीवरील रेडिओ खरखर येणाऱ्या वारंवारतेवर ठेवून घराचा मेनस्विच बंद करावा, ही परीक्षा बहुतेकांना माहीत असते, पण ती अर्धवट केली जाते. मेनस्विच पडला की घरगुती इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो, आणि लाइट गेल्यावरही इंटरनेट राहावे म्हणून राउटर आणि त्याला चिकटलेला अ‍ॅडॉप्टर त्याच इन्व्हर्टरच्या सर्किटवर घेतलेला असतो. खरखर तशीच राहते आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबावर विनाकारण आळ येतो. म्हणून मेनस्विचबरोबर इन्व्हर्टरही त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. त्यानंतर खरखर गेली तर स्रोत आपल्याच घरात आहे. आता एकेक एमसीबी चालू करत जावे आणि ज्या एमसीबीबरोबर ती परतेल त्या सर्किटवरचे प्लग तपासावेत. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेले किंवा कॅमेरे बसवणाऱ्या माणसाने लावून दिलेले अ‍ॅडॉप्टर टेबलामागे, पडद्यामागे दडलेले असतात आणि घरच्यांना ते साधे चार्जर वाटतात.

सगळे बंद करूनही खरखर कायम राहिली, तर संकेत बाहेरून येत आहे. फ्लॅट स्कीममध्ये सर्व मीटर खाली पार्किंगमधल्या एकाच मीटर रूममध्ये असतात, तिथून वर जाणाऱ्या तारा एकाच डक्टमधून चढतात, आणि उच्च वारंवारतेचा संकेत एका फेजवरून दुसऱ्या फेजवर केवळ जवळिकीमुळेही उडी मारतो. तेव्हा आपला फेज वेगळा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. मीटर रूमचे दार, जिना आणि प्रत्येक मजल्याचा डक्ट या क्रमाने बॅटरीवरील छोटा रेडिओ नेत गेल्यास ज्या मजल्यावर आवाज सर्वाधिक आहे तो सापडतो. एखाद्या संध्याकाळी परिसराचीच लाइट गेली, तर ती संधी दवडू नये: आपला इन्व्हर्टर बंद करावा आणि ऐकावे. तरीही टरटर सुरूच असेल, तर ज्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टरवर दिवे चालू आहेत त्यांच्यापुरता शोध मर्यादित ठेवता येतो.

तुलनेसाठी शांत जागा एकदा तरी ऐकून घ्यावी. गोरेवाड्याच्या बाजूला किंवा अंबाझरी तलावाच्या काठी, वस्तीपासून दूर उभे राहून तोच रेडिओ त्याच वारंवारतेवर लावला, की आपल्या घरात नेमके काय हरवले आहे याचे माप मिळते. वर्धा रोडवर मात्र ही तुलना करू नये, कारण तिथल्या मेट्रोची वरची तार २५ किलोव्होल्टची आहे आणि तिचा स्वतःचा आवाज त्यात मिसळतो.

खरखर पुन्हा का येते

बरेच अ‍ॅडॉप्टर वीज वाचवण्यासाठी, त्यांना लॅन केबलने जोडलेले यंत्र बंद झाले की झोपी जातात. शेजारचा मुलगा सुट्टीत गावी गेला, संगणक बंद राहिला, की आपल्या पट्ट्यावर आठवडाभर शांतता असते. तो परत आला की खरखर परतते. मधल्या काळात आपण लावलेल्या फेराइटचा (वायरवरचा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय कड्याचा) किंवा नव्या एरियलचा त्या शांततेशी काहीच संबंध नसतो. म्हणून कोणताही उपाय केल्यावर त्याच दिवशी निकाल देऊ नये. ठरावीक तीन-चार वारंवारता निवडून त्यांवरचा आवाज संध्याकाळच्या एकाच वेळी वहीत लिहीत जावा. दुसरे कारण असे, की काही अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये जास्तीच्या वारंवारता वगळण्याची सोय असते. ती वापरून शांतता मिळवली असेल, तर फर्मवेअर बदलल्यावर किंवा कोणी रिसेटचे बटण दाबल्यावर ते सेटिंग पुसले जाऊ शकते. तिसरे कारण म्हणजे अ‍ॅडॉप्टरचा स्वतःचा पॉवर सप्लाय. तो जुना झाला की मध्यमलहरींवरही गुरगुरू लागतो, आणि तेव्हा वर सांगितलेली मध्यमलहरींची परीक्षा फसवू शकते. अशा वेळी अ‍ॅडॉप्टरची लॅन केबल काढून पाहावी, म्हणजे लघुलहरींवरची टरटर झोपी जाते आणि मध्यमलहरींवरची गुरगुर मात्र तशीच राहते.

उपाय

अ‍ॅडॉप्टर आपलाच असेल, तर तो काढावा आणि त्याच्या जागी लॅन केबल टाकावी. इतर सगळे उपाय याच्यापुढे दुय्यम आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. केबल टीव्हीची किंवा जुन्या टेलिफोनची नळी भिंतीत असेल, तर तिच्यातून कॅट ६ केबल ओढणे एका दुपारचे काम असते. बाहेरून गच्चीवरून केबल न्यायची असेल, तर उन्हाला टिकणाऱ्या जाड आवरणाचीच घ्यावी, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात साध्या केबलचे आवरण लवकर कडक होऊन तडकते. दोन मजल्यांमध्ये जोडणी करायची असेल, तर छोटी फायबर टाकणे अधिक चांगले. ती आवाजही करत नाही आणि पावसाळ्यातल्या विजेचा धक्काही आत आणत नाही. डिशच्या कोअ‍ॅक्स केबलवरून इंटरनेट नेणारी मोका पद्धत लघुलहरींना त्रास देत नाही, पण तिचा १ गिगाहर्ट्झच्या वरचा पट्टा डिशवरून खाली येणाऱ्या संकेताशी टक्कर घेतो, त्यामुळे डिश चालू असलेल्या केबलवर ती लावू नये. या कशालाच जागा नसेल, तर मेश वाय-फायचे दोन नग पुरेसे होतात.

अ‍ॅडॉप्टर वापरण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर ईएन ५०५६१-१ या २०१३ च्या युरोपीय मानकाला अनुसरणारा नग घ्यावा. या मानकात हौशी आणि विमानवाहतुकीच्या वारंवारता कायमच्या वगळण्याबरोबरच प्रसारण केंद्रांचीही काळजी घेतलेली आहे: अ‍ॅडॉप्टरने तारेवर येणारे केंद्रांचे संकेत स्वतः ओळखायचे आणि तेवढी जागा मोकळी सोडायची. क्षीण केंद्रे ऐकणाऱ्याचे समाधान त्याने होईलच असे नाही, कारण अ‍ॅडॉप्टरला जे जाणवत नाही ते तो सोडत नाही. तरी जुन्या नगापेक्षा फरक पडतो.

अ‍ॅडॉप्टरच्या वायरवर फेराइटचे मणी चढवणे मात्र निरुपयोगी आहे. फेराइट दोन्ही तारांतून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह अडवतो, आणि अ‍ॅडॉप्टर आपला संकेत दोन तारांच्या मध्ये सोडतो. समतोल बिघडतो तो पुढे, भिंतीतल्या वायरिंगमध्ये. फेराइटची खरी जागा रेडिओच्या बाजूला आहे. एरियलची कोअ‍ॅक्स केबल घरात शिरते तिथे ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या कड्यावर तिचे दहा-बारा वेढे द्यावेत, तसेच रेडिओच्या अ‍ॅडॉप्टरच्या वायरलाही द्यावेत. त्याने केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चालत येणारा आवाज कमी होतो. एरियलनेच हवेतून पकडलेला आवाज त्याने कमी होत नाही. त्यासाठी एरियल इमारतीच्या वायरिंगपासून दूर न्यावे लागते. गच्चीच्या पाण्याच्या टाकीपलीकडे बसवलेले छोटे लूप एरियल या कामात खिडकीतल्या लांब तारेपेक्षा सरस ठरते, कारण लूप फिरवून आवाजाच्या दिशेला त्याची मुकी बाजू करता येते.

रेडिओची अर्थिंग घरच्या अर्थिंगला जोडलेली असेल, तर ती आधी सोडवून ऐकून पाहावे. अनेकदा आवाज त्याच तारेने आत येतो. वेगळी सळई पुरणार असाल, तर काळ्या मातीच्या भागात ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईची पकड सुटते हे ध्यानात ठेवून त्या जागी पाणी घालत राहावे लागते.

शेजारच्या संकेताला रोखण्यासाठी आपल्या फ्लॅटच्या मेन लाइनवर फिल्टर बसवावा, असा सल्ला दिला जातो. तारेतून आत येणारा भाग त्याने कमी होऊ शकतो, पण घराचा सगळा भार पेलणारा फिल्टर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा. शिवाय फिल्टरमधील कॅपॅसिटर थोडा प्रवाह अर्थकडे सोडतात, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, विनाकारण पडू लागतो. सीताबर्डीच्या बाजारातून सुटे कॅपॅसिटर आणून स्वतःच फेज-न्यूट्रलवर लावण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

म्हणून शेजाऱ्याशी बोलणे हाच मार्ग उरतो, आणि तो वाटतो तितका कठीण नसतो. तक्रार घेऊन जाण्याऐवजी एक वेळ ठरवून घ्यावी: शेजारच्या काकांनी अर्धा तास अ‍ॅडॉप्टर काढून ठेवायचा, आपण आपल्या घरी रेडिओ लावायचा आणि त्यांना फोनवर ऐकवायचा. आवाज जाताना आणि येताना त्यांनी स्वतः ऐकला की वाद उरत नाही. त्यांचे इंटरनेट आधीइतकेच किंवा अधिक वेगवान राहील अशी लॅन केबलची सोय आपण स्वखर्चाने करून दिली, तर नकार देण्याचे कारणही उरत नाही.

खांबावरच्या तारा, स्मार्ट मीटर आणि तक्रार

रस्त्यावरच्या विजेच्या तारांतून इंटरनेट वाहत आहे आणि त्यानेच ही खरखर होते, ही भीती आपल्याकडे निराधार आहे. आपल्या घरांत इंटरनेट येते ते फायबरने किंवा मोबाइल नेटवर्कने. अमेरिकेत मात्र हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. तिथल्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, २००४ मध्ये त्यासाठी नियम केले, हौशी रेडिओचालकांची संघटना एआरआरएल न्यायालयात गेली, आणि २००८ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला दडवून ठेवलेला तांत्रिक अभ्यास खुला करून आपल्या गृहीतकांचे पुन्हा समर्थन करण्यास सांगितले. व्हर्जिनियातील मनासस शहराने आपली अशी सेवा २०१० मध्ये बंद केली. स्मार्ट मीटरवरचा संशयही बहुधा चुकीचा असतो. आपल्याकडचे मीटर प्रामुख्याने मोबाइल नेटवर्कवरून किंवा स्वतःच्या रेडिओ जाळ्यावरून वाचन पाठवतात, आणि तारेतून वाचन पाठवणाऱ्या मीटरांचा संकेत ५०० किलोहर्ट्झच्या खाली असतो. ९ मेगाहर्ट्झवरच्या टरटरीशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

खांबावरून खरोखर येणारा आवाज वेगळा असतो. सैल झालेला क्लॅम्प किंवा तडकलेला इन्सुलेटर ठिणग्या सोडतो, तो आवाज मध्यमलहरींपासून वरपर्यंत सलग पसरतो, त्याला रिकाम्या खिडक्या नसतात, आणि कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत तो वाढून पहिल्या पावसात बहुधा थांबतो. कोराडी वीज केंद्राकडून निघणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांखाली ऐकू येणारी करोनाची, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत होणाऱ्या विद्युत विसर्गाची, सिसकारी याच्या उलट, पावसात वाढते. ठिणगीचा खांब सापडला तर खांबाचा क्रमांक लिहून वीज वितरण कंपनीकडे अर्ज द्यावा. खांबावर काठीने ठोकून पाहण्याचा मोह टाळावा. अ‍ॅडॉप्टरच्या बाबतीत वितरण कंपनी काही करू शकत नाही. शेजारी ऐकतच नसेल आणि आपल्याकडे हौशी रेडिओचा परवाना असेल, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे लेखी तक्रार करता येते. अर्जासोबत त्या वहीतील तारीखवार नोंदी, ७.३ आणि १४.३५ मेगाहर्ट्झच्या सीमांचे एसडीआरवरील चित्र आणि मेनस्विच व इन्व्हर्टर दोन्ही बंद करून केलेले ध्वनिमुद्रण जोडावे. नुसते “रेडिओवर खरखर येते” असे लिहिलेल्या अर्जावर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला कोणत्या वेळी, कोणत्या वारंवारतेवर आणि कोणत्या मजल्यावर ऐकायचे हेच कळत नाही.